'मात्र'नंतरचा स्वल्पविराम

वाक्याच्या तोंडाशी 'मात्र' लिहून त्याच्यापुढे स्वल्पविराम देणाऱ्या मराठीला माझा विरोध आहे. वर्तमानपत्रात, चॅनेलच्या पट्टीवर, साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालात, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती रोज भेटते. 'शहरात पाऊस झाला नाही. मात्र, उजनी भरली.' वाचताना कुणाला काही खटकत नाही. मला खटकते. का, ते जरा सविस्तर सांगायचे आहे, कारण विषय स्वल्पविरामावर थांबत नाही. तो पात्र-अपात्रांच्या याद्यांपर्यंत आणि खात्यातून कापल्या गेलेल्या पैशांपर्यंत जातो.

आधी उजनी. सोलापूरच्या माणसाला हे वाक्य नवे नाही. उजनीत येते ते मुख्यतः वरचे, पुण्याकडच्या घाटात पडलेल्या पावसाचे पाणी. त्यामुळे आमच्याकडे आभाळ कोरडे आणि धरण तुडुंब, असे घडते. हे आम्ही बोलताना कसे सांगतो? 'इथं पाऊस नाही, उजनी मात्र भरली.' ऐकणाऱ्याला लगेच कळते की वेगळी पडली ती उजनी. विहिरी, ओढे, शेततळी कोरडीच आहेत. आता शब्द हलवून बघा. 'उजनी यंदा मात्र भरली' म्हटले की तुलना गेल्या वर्षाशी झाली. 'उजनीत पाणी आले, भरली मात्र नाही' म्हटले की पाणी येणे आणि धरण भरणे यांतला फरक पुढे आला. 'मात्र' ज्याच्या पाठीशी उभा राहतो त्याच्याकडे बोट दाखवतो. त्याला ओढून वाक्याच्या सुरुवातीला बसवले की बोट कुठेच जात नाही. एवढेच कळते की आता काहीतरी निराळे येणार आहे. इंग्रजीतला 'हाउएव्हर' इतकेच काम करतो आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम असतो. आपण तो स्वल्पविरामासकट उचलला.

'पण'ची गोष्ट आणखी मजेची. 'पण मी येणार' आणि 'मी पण येणार' यांत शब्द तेच तीन आहेत. पहिल्यात भांडण आहे, दुसऱ्यात सोबत. ('मी पण' अशुद्ध, 'मीही' म्हणा, असे सांगणारे गुरुजी मला भेटले आहेत. आमच्या गल्लीत 'मीही येतो' म्हणणारा माणूस अजून भेटायचा आहे.) मराठीत विरोध दाखवायचे अर्धे काम शब्द करतो आणि अर्धे काम त्याची जागा करते. हे ज्याला बोलताना उपजत येते तोच माणूस लिहायला बसला की जागा विसरतो.

शाळेत आपण 'पण, परंतु, परी, किंतु, बाकी' ही न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यये म्हणून घोकली. दोन गुणांचा प्रश्न असायचा. न्यूनत्व म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारले नाही आणि कुणी सांगितलेही नाही. न्यूनत्व म्हणजे उणेपणा. पहिल्या वाक्याने जे दिले त्यातून दुसरे वाक्य काहीतरी वजा करते. व्याकरणकारांनी नावातच सगळे सांगून ठेवले आहे: दोन अर्धी सारख्या वजनाची नसतात, 'पण'नंतरचे अर्धे जड असते. लग्नाच्या बोलण्यांत हे सगळ्यांना ठाऊक असते. 'मुलगा हुशार आहे, पण आळशी आहे' ऐकून मुलीकडची मंडळी चहा संपवून उठतात. 'मुलगा आळशी आहे, पण हुशार आहे' यावर पत्रिका मागवली जाते. माहिती दोन्हीकडे तीच आहे.

म्हणून 'पण' लिहिणाऱ्याला आधी ठरवावे लागते की माझ्या मते यातले जड काय. हे ठरवायचे नसेल तर मराठीत आता एक सोय आहे: 'एकीकडे... तर दुसरीकडे...' एकीकडे शहर स्मार्ट होत असताना दुसरीकडे नळाला पाणी नाही. अग्रलेखांत हे वाक्य इतक्या वेळा येते की डोळा त्यावरून घसरतो. लिहिणाऱ्याला यातले काय महत्त्वाचे वाटते? नळ की स्मार्टपणा? त्याने तराजूची दोन्ही पारडी दाखवली आणि काटा झाकून ठेवला. 'शहर स्मार्ट झाले, पण नळाला पाणी नाही' असे लिहिले असते तर बाजू घ्यावी लागली असती, आणि बाजू घेतली की कुणाचा तरी फोन येतो.

बोलीला असली भीती नव्हती. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.' यात 'पण' नाही, 'मात्र' नाही, 'तरी' नाही. दोन चित्रे शेजारी ठेवली, विरोध आपोआप ठिणगीसारखा उडाला. 'खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे.' 'मनात मांडे, पदरात धोंडे.' आणि जिथे जोडशब्द हवा तिथे म्हण तो कंजुषी न करता घेते: 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.' कोल्हापूर-बेळगावकडे तर 'खरं' या शब्दालाच 'पण' करून टाकले आहे. 'येतो म्हणाला खरं आला नाही.' समोरच्याचे म्हणणे आधी खरे मानायचे आणि मग त्याच शब्दाने त्याला अडवायचे. याहून नेमकी सवलत देणारा शब्द मला माझ्या कामाच्या कुठल्याही भाषेत सापडलेला नाही. हीच सोनुबाई आजच्या बातमीत आली तर कशी येईल? 'सदर महिलेचे नाव सोनुबाई असे असले तरी, मात्र, तिच्या हातात कथलाचा वाळा असल्याचे चित्र दिसून येत आहे.' 'असले तरी' आल्यावर 'मात्र' कशाला, हे विचारू नका. एक 'मात्र' भरतीचा असतो.

दुसरी साथ जाहिरातींतून आली आणि आता यंत्रांनी लिहिलेल्या मजकुरातून घरोघर पोचली आहे: 'सोलापुरी चादर ही केवळ चादर नाही, तर एक परंपरा आहे.' ती केवळ चादर आहे, असे कोण म्हणाले होते? कुणीच नाही. आधी एक बुजगावणे उभे करायचे, मग त्याला पाडायचे आणि पाडल्याबद्दल टाळ्या घ्यायच्या. खरा विरोध दाखवायचा असेल तर समोर कुणीतरी खरेच उभे असावे लागते. 'ही चादर सोलापूरच्या नावाने विकतात, विणलेली मात्र दुसरीकडे आहे' हे वाक्य सोलापुरात लिहिण्यासारखे आहे. चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागे हीच नक्कल होती. पण ते लिहायला माल उलटून बघावा लागतो. 'परंपरा आहे' लिहायला काहीच बघावे लागत नाही. चादर सुती आहे, जॅकार्डच्या मागावर नक्षी धाग्यातच विणली जाते, आणि ती चादर आहे. यात लाजण्यासारखे काय आहे, की तिला चादर म्हणायला 'केवळ' लावावे?

या सगळ्यांत सर्वांत बेरकी शब्द 'असून' आहे. एका कार्यक्रमात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक म्हणाले, 'हे इंजिनिअर असून मराठीत लिहितात.' इंजिनिअर आहेत, शिवाय लिहितात? की इंजिनिअर आहेत, तरीही लिहितात? माझे सोडा. दरवर्षी दहावीच्या निकालानंतर छापून येते: 'वडील यंत्रमागावर कामाला असून मुलीने ९४ टक्के गुण मिळवले.' आणि मग 'गरीब असून प्रामाणिक' रिक्षाचालक असतोच, सापडलेली पर्स परत करणारा. बातमीदाराला विचारा, तो म्हणेल, मी फक्त दोन वाक्ये जोडली. त्याने जोडली नाहीत. गरीब माणूस प्रामाणिक निघाला याचे त्याला आश्चर्य वाटले आणि ते आश्चर्य त्याने 'असून'मध्ये लपवले. 'तरीही' लिहिले असते तर संपादकाने लाल पेन लावले असते, वाचकांनी पत्रे पाठवली असती. 'असूनही'मधला 'ही' गाळला की दोन्ही बाजूंनी सुटका होते. आश्चर्य वाटत असेल तर 'ही' लिहा आणि शिव्या खा. वाटत नसेल तर पूर्णविराम द्या आणि दुसरे वाक्य सुरू करा.

माझ्या धंद्यात या रोगाला जुने नाव आहे. प्रोग्राम लिहिताना 'इफ' म्हणजे 'जर असे असेल तर हे कर' आणि 'एल्स' म्हणजे 'नाहीतर ते कर'. एका 'इफ'च्या पोटात दुसरा 'इफ' आला आणि शेवटी एकच 'एल्स' असला, तर तो कुणाचा? बाहेरच्याचा की आतल्याचा? याला 'डँगलिंग एल्स' म्हणतात, लोंबकळणारा एल्स. १९६० च्या अल्गॉल भाषेच्या व्याकरणातच हा घोळ निघाला होता. तेव्हापासून भाषा बनवणाऱ्यांनी त्यावर उपाय केले. कुणी 'एल्स जवळच्या इफचा' असा नियम केला, कुणी शेवट दाखवणारा शब्द सक्तीचा केला, पायथॉनने तर ओळ किती आत सरकली आहे यावरच सोडले. यंत्राला 'समजून घे' म्हणता येत नाही, म्हणून हे करावे लागले. माणसाला म्हणता येते. म्हणून आपल्या नोटिसांतले 'मात्र' आणि 'तथापि' अजून लोंबकळतात.

उदाहरण सर्वांना माहीत असलेले घेतो. २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या अपात्रतेच्या अटी वाचा. एक अट अशी, की कुटुंबातल्या कुणाच्या नावावर चारचाकी वाहन असेल तर ती बाई अपात्र. तिथे कंसात दोन शब्द आहेत: 'ट्रॅक्टर वगळून'. मी या दोन शब्दांना मनापासून दाद देतो. नियम काय, अपवाद काय, अपवाद कुठल्या शब्दाला लागतो, सगळे तिथल्या तिथे. मोहोळच्या शेतकऱ्याच्या बायकोला कुणाला विचारत बसावे लागत नाही. त्याच यादीत दुसरी अट आहे, सरकारी नोकरीची. कुटुंबातला सदस्य सरकारी खात्यात, मंडळात किंवा स्थानिक संस्थेत नोकरीला असेल, तर अपात्र. मग येते 'तथापि'. तथापि अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेले, बाह्य यंत्रणेमार्फत काम करणारे कर्मचारी, स्वयंसेवी कामगार आणि कंत्राटी कर्मचारी पात्र ठरतील.

हे पुन्हा वाचा. पहिल्या अर्ध्यात गोष्ट चालली होती अर्जदार बाईच्या कुटुंबाची. 'तथापि'नंतर पात्र कोण ठरले? कर्मचारी. आता जिचा नवरा कंत्राटी सफाई कामगार आहे, ती बाई यात कुठे बसते? तो पात्र आहे म्हणून ती पात्र, असा अर्थ आपण काढतो आणि तो बरोबरच असणार, कारण पंधराशे रुपये नवऱ्याला मिळायचे नाहीत. पण तो अर्थ वाक्यात नाही, आपण पदरचा घातला. 'कंत्राटी कर्मचारी वगळून' असे कंसात लिहिले असते तर ट्रॅक्टरच्या मालकिणीइतकीच सोय सफाई कामगाराच्या बायकोची झाली असती. एकाच यादीत एक अपवाद दोन शब्दांत बसला आणि दुसऱ्यासाठी 'तथापि' लागला.

इथे कायद्याच्या मराठीची बाजू घ्यायला हवी, जरी तिची टिंगल करणे सोपे आहे. कायद्यात 'परंतु' नवीन ओळीवर येतो, त्याच्यापुढे स्वल्पविरामही असतो, आणि त्या मजकुराला 'परंतुक' असे नावच आहे. एका उभयान्वयी अव्ययाला क प्रत्यय लावून नाम केले, याचे मला कौतुक वाटते. परंतुक लोंबकळत नाही, कारण ते कुठल्या कलमाचे, कुठल्या पोटकलमाचे, हे त्याच्या जागेवरून कळते. क्लिष्ट आहे, पण बांधलेले आहे. बातमीत आणि नोटिशीत या भाषेचा थाट आला, बांधणी आली नाही.

'भाषा बदलते, तुम्ही कशाला अडवता', हा आक्षेप मला तोंडपाठ आहे. बदलू दे. 'मात्र' स्वतः किती बदलला आहे. 'नाममात्र', 'क्षणमात्र' यांतला मोजमापाचा 'मात्र' कुठे आणि उजनीवर बोट ठेवणारा कुठे. पण त्या बदलात आपल्याला काहीतरी मिळाले. आणि बघा, 'नाममात्र'मध्येही तो शब्दाच्या मागेच आहे. तोंडाशी नेऊन बसवल्याने काय मिळाले, ते कुणी सांगावे. माझ्या हिशेबाने तीन अर्थ गेले आणि एक स्वल्पविराम आला. दुसरा आक्षेप सभ्यतेचा. थेट 'पण' उद्धट वाटतो, 'असे असले तरी' मृदू वाटते. घरात एकमेकांशी बोलताना आपण सगळे उद्धटच असतो म्हणायचे.

हे सोलापुरात बसून लिहिण्याला कारण आहे. आमच्या पूर्व भागात मराठी ही अनेकांची दुसरी भाषा आहे. घरात तेलुगू, बाजारात दखनी, शेजारी कन्नड, आणि मराठी शाळेतली नि सरकारी कागदावरची. कागद आला की घरातली शिकलेली पोर तो मोठ्याने वाचते आणि आजीला तेलुगूत सांगते. तेलुगूत सांगताना तिला 'कानी' म्हणायची जागा शोधावी लागते. वाक्यात 'असून', 'असले तरी', 'मात्र' असे तीन दरवाजे असले की ती कुठलाही एक उघडते. भाषांतर चुकले तर दोष पोरीला देतात.

शेजारच्या मावशी विड्या वळतात. गेल्या वर्षी त्यांनी किराणा दुकानात फोनवरून पैसे भरले, ते अडकले आणि एक संदेश आला. ते अ‍ॅप कुणाचे हे महत्त्वाचे नाही. संदेश साधारण असा होता: 'आपला व्यवहार अयशस्वी झाला असून आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली असल्यास ती परत जमा करण्यात येईल मात्र यासाठी काही कालावधी लागू शकतो.' मावशी दारात येऊन म्हणाल्या, "पैसे गेले का हायेत, तेवढं सांग की." मी दोनदा वाचला. 'असून'ने अयशस्वी व्यवहार आणि वजा रक्कम एकत्र बांधली होती, 'असल्यास'ने ती पुन्हा सोडली, आणि 'मात्र'ने शेवटी खांदे उडवले.

मला राग आला तो 'काही कालावधी'चा. या कालावधीला आकडा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून कापले गेले आणि दुकानात पोचल्याची खात्री आली नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे 'मात्र'नंतर एक हक्क लिहायचा होता आणि तिथे एक सबब लिहिली गेली. 'पैसे दुकानदाराला पोचले नाहीत. तुमच्या खात्यातून गेले असतील, तर ५ दिवसांत परत येतील. नाही आले, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळेल.' यात 'पण'सुद्धा लागत नाही.

असले संदेश लिहून घेण्याच्या कामात मी स्वतः असतो. पैशांच्या व्यवहाराशी संबंधित एका कामात अशाच धाटणीचे मराठी मजकूर भाषांतर होऊन आमच्याकडे आले, तेव्हा मी वरच्यासारखी साधी वाक्ये करून पाठवली. उत्तर आले की भाषा बरी आहे, पण फार बोलकी वाटते, जरा फॉर्मल ठेवू, आणि दिवसांचा आकडा नको. आठवड्याने अंतिम मजकूर हातात पडला. 'असून' होते, 'असल्यास' होते, 'काही कालावधी'ही होता. माझ्या सूचनांचा विचार करून एक सुधारणा केली आहे, असे सोबत कळवले होते: 'मात्र'च्या पुढे स्वल्पविराम घातला होता.